आज क्लास आहे, या

बसा हो अक्षता, उठू नका! मेसेज ताईच्याच फोनवरून आला, खरंय, पण टाकला मी— 'आज क्लास आहे, या'— आता मला काय माहीत, मागच्या आठवड्यात जिला आपण सगळे पोचवून आलो, तिच्या हसऱ्या फोटोखाली मेसेज दिसला की पोरं एवढी टरकतील? त्या हेरंबने तर खांदा दिला होता, आणि तोच ग्रुप सोडून पहिला पळाला— कलेक्टर होणार म्हणे! तुम्ही एकट्या आलात. बिल्कुल वाघीण.

छे, रडतोय कुठे? दिल्लीची हवा आहे ही, डोळे चुरचुरतात. तर शिकवणार मीच. हसा, हसा— करोल बागेत गाड्यांना सीट कव्हर चढवणारा, सातवी नापास— पण ताई इंग्रजीचा प्रत्येक धडा आधी माझ्यावर चालवून बघायची ना! मी पोळ्या लाटायचो, ती फळ्यापाशी— "समाधानच्या डोक्यात शिरलं की अख्ख्या बॅचच्या शिरतं." जेरंड आणि पार्टिसिपल तर आमचं परवाच— म्हणजे, तेव्हा— झालं. बघा, 'क्रायिंग इज बॅड'— रडणं वाईट. रडणं हे कामाचं नाव, झालं जेरंड. 'क्रायिंग ब्रदर'— रडणारा भाऊ. भाऊ कसला, ते सांगतंय, म्हणून पार्टिसिपल. उदाहरण तिचंच हं, मला चिडवायला काढलेलं.

आणि पोरं पळाली हे बाबांच्या कानावर घालू नका— रविवारी ताईचं पुण्यानुमोदन झालं की ते मयूर विहारची ही खोली सोडून मला वर्ध्याला नेणार आहेत. मी ठोकून दिलं— क्लास चालू आहे, पोरं येतात. येतात ना? तुम्ही आलात की! उद्या एखादी मैत्रीण आणा, मग बाबा काय बोलणार? तिचा फळा तिथेच राहील— मला बस तेवढंच पाहिजे.

विचारा ना, बिनधास्त. 'स्लीपिंग बॅग'? अरे यार— बॅग कुठे झोपते? म्हणजे पार्टिसिपल नाही... पण बॅग कसली, ते तर सांगतंच की... मग जेरंड? थांबा, एक मिनिट— ताई! ए ताई, बाहेर ये गं जरा, अक्षता काय विचारतेय बघ—

...

नाही, पाणी नको. जा तुम्ही. जा म्हटलं ना— आणि दार ओढून घ्या.