कडक उपास

—गळा दाबणार? डॉक्टरबाई, परत एकदा सांगा. एवढी वर्षं बेळगावच्या कोर्टात वकिली केली, पण माझा गळा दाबायला माझीच सही मागणारं कुणी भेटलं न्हवतं! पित्ताची पिशवी काढायची तर पोट धरा की, गळ्याशी काय काम? व्हय व्हय, कळलं—भूल चढताना पोटातलं वर येतंय, फुप्फुसात जातंय, माणूस दगावतोय, म्हणून सिस्टरनं श्वासनळीची कुर्चेची कडी बोटानं दाबून धरायची, म्हंजे मागची अन्ननळी मिटतीय. बरं. त्यानं थांबतंय का? नक्की सांगता येत न्हाय म्हणतासा! वा! पलीकडच्या खाटेवरचा यल्लाप्पा, नुसती काडी, त्याची कडी तर इथनं दिसतीय—त्याला तरी उपयोग? त्याचंबी नक्की न्हाय! आणि माझ्या या जाड मानेत कडी सापडणंच अवघड, हे तुम्हीच म्हणालासा मघाशी. म्हंजे न सापडणारी वस्तू दाबायची, दाबून काय होईल ठाऊक न्हाय, तरी दाबायची! असला साक्षीदार मी उभा केला असता तर जज्जसाहेबांनी मलाच हाकललं असतं.

न्हाय, भ्यालो न्हाय मी. हात गार पडलाय तो एसीनं. बाहेर प्रमोदिनी रडायलीया, बायको हाय, रडणारच. काल मृत्युपत्र केलं ते आपलं सवयीनं.

आणि उपाशी हाय का, उपाशी हाय का—किती जणांनी विचारायचं? तुम्ही निपाणीच्या जैन, तुमच्यात उपास म्हंजे तोंडात कण न्हाय, म्हणून आम्हाला उपास ठाऊकच न्हाय व्हय? सिस्टरनं नुसतं उपाशी या म्हटलं, मी तर उपासच धरला, कडक! ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून गणपतीला बोलून. भाताचं शीत न्हाय, चहाबरोबर बिस्कीट न्हाय. निघताना प्रमोदिनी म्हणाली, रिकाम्या पोटी भूल सोसायची न्हाय तुम्हाला—म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, दोन केळी. सगळं उपासाचंच! आणा तो कागद, करतो सही, दाबा काय दाबायचं ते.

अहो, कागद का काढून घेतलासा? आजचं रद्द? का म्हणून? उपासाचंच खाल्लंय की मी... वाटीभरच होती हो खिचडी...

डॉक्टरबाई, ते वर आलं असतं, तर ती कडी—

सापडली असती का?