वासूकाकाचा टॅकोमीटर

आमच्या वासूकाकाच्या जुन्या मोटारीत टॅकोमीटर कसा आला, ते ठाऊक आहे ना? मोडीत निघालेल्या लाँचवरचा तो काकाने आणला आणि वेगाचा काटा बंदच होता, म्हणून त्याच्या जागी पत्रा कापून बसवला. हा इंजिनाचे फेरे दाखवतो, वेग नव्हे, हे त्याने अख्ख्या वाडीला समजावलं. आत्याला मात्र पटलं नाही.

"काटो तो काटो. विसाच्या फुडे गेलो तर मी उतरतलंय."

तिला नणंदेच्या लग्नासाठी कुडाळहून बेळगावची एसटी गाठायची होती आणि दिवसाला गाडी एकच. मोटारीत ती डोळे घट्ट मिटून बसते, म्हणून काटा वाचायला मला पुढे बसवलं.

चढावर इंजिन जीव खाऊन घुमत होतं, पण मोटार इतकी रखडली, की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

"किती गो?" आत्याने विचारलं.

"तीस," मी हळूच म्हटलं.

"वासू, माका मारतलंस काय? हळू चालव!"

"ताई, ह्याच्यापेक्षा हळू म्हणजे गाडी मागे जातली!"

दोनदा थांबून तिची समजूत घालावी लागली. उशीर झाला. मग उतार लागताच काकाने गिअर काढला; इंजिन नुसतं पुटपुटत राहिलं आणि मोटार सुसाट सुटली. माझ्या वेण्या मागे उडाल्या, रस्त्यातली कोंबडी जीव घेऊन पळाली.

"आता किती?"

मी खरं तेच सांगितलं. "पाच."

"हां! असा चालव, शान्यासारखा."

एसटी सुटता सुटता मिळाली. आत चढताच आत्याने ड्रायव्हरला बजावलं, "दादा, पाचाच्या फुडे जाव नको हां. आमच्या वासून पाचान चालवनच माका वेळेर पोचयल्यान."