राजाची खुर्ची

“...सरकार थेटर घेणार, त्यात जोंधळ्याची पोती—” एवढंच ऐकलं हो मी हौदावर. पुढचं ऐकायला घागर बाजूला ठेवली, तर कचेरीतला तो शिपाई पाणी पिऊन चालता झाला! आता अर्धं कळलं की माझ्या पोटात दुखतं, मॅनेजरसाहेब, तुम्हाला म्हणून सांगते—बसा ना ओसरीवर, मोटार पाचची, आणि लढाईपायी पेट्रोल नाही म्हणून कोळशावर चालते, म्हंजे सहाच समजा. थेटराचे मालक गनीभाई कचेरीतनं येतीलच. थेटराला कुलूप दिसलं म्हणून कुणी नाटक रद्द करून परत जातं का?

काय, खिडकीतून बघितलंत? स्टेज रिकामं? असणारच. या थेटराचं स्वतःचं सामान कधी नव्हतंच. गनीभाईंचे वडील इब्राहिमशेठ, त्यांची ही लाकडाची वखार. एका नाटक कंपनीच्या गाडीचं चाक मोडलं, माणसं अडकली, शेठ म्हणाले, करा खेळ वखारीत! आम्ही ओंडक्यांवर बसून बघितला—मी नवी नवरी, साल टोचत होती, पण उठले असते तर जागा गेली असती! राजाला बसायला काही नाही म्हणून आमची खुर्ची गेली, शेजारच्या भागूबाईचं घड्याळ गेलं, कुणाची सतरंजी—तेव्हापासून वीस वर्षं आळीचा संसार त्या स्टेजवर. पाच राजे बसले आमच्या खुर्चीत. एकानं रागाच्या भरात हात मोडला—खुर्चीचा हो—तो तारेनं बांधलाय.

मग आता सामान कुठंय? ज्याचं त्यानं नेलं. सरकारी कुलपात अडकेल म्हणून. आवई कुणी उठवली? मला काय विचारता! मी एकट्या भागूबाईला सांगितलं. बरं, पानवाल्या भिमाजीलाही—तिथं सगळं गाव उभं असतं हे माझ्या ध्यानातच नाही आलं. चौथी शिकलेली बाई मी, अक्कल दुसरीतच राहिली.

आणि खरं सांगू? पहिलं सामान काढलं ते मीच. भर दुपारी, डोक्यावर खुर्ची घेऊन. गनीभाई दारात उभे. ‘का’ म्हणून विचारलं नाही हो त्यांनी. म्हणाले, “रंगुआक्का, जपून, तार टोचंल.” तेव्हापासून घास गोड लागत नाही. तुम्ही गेलात तर कचेरी म्हणेल, थेटर बंदच आहे, घ्या सगळं—आणि माझी अर्धी बातमी पुरती खरी होईल.

आले, आले! गनीभाई, काय झालं?... मागचा गाळा तेवढा? पोती मागं, आणि खेळ चालू असले तर थेटर आपलं? म्हंजे मी अगदीच खोटी नव्हते—हसा, मॅनेजरसाहेब, हसा, पण ऐकलंत ना? खेळ चालू असले तर! मग उठा. का म्हंजे? तुम्ही बसलाय तीच ती खुर्ची. नाही गनीभाई, तुम्ही हात लावू नका. मीच आणलीय, मीच परत स्टेजवर नेणार—व्हा बाजूला दोघं!