मी उठलो की वाजतं

माझा बिघडलेला रेडिओ घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढच्या काकांनी आपला चाळीस वर्षं जुना सिंथेसायझर काउंटरवर ठेवला होता.

"काय होतंय, काका?" दुकानदाराने विचारलं.

"चालू करून अर्धा तास तापू देतो, त्याशिवाय हे वाद्य सुरात येत नाही. मग मी वाजवायला बसलो की मुकं, आणि उठून बाजूला बसलो की आपोआप वाजतं."

"हल्ली आत काही नवीन बसवलंय?"

"मुलाने कसलीशी मिडी बसवून आणलीय. आता म्हणे कॉम्प्युटर याला वाजवतो."

"मग बरोबर आहे. हे मागचं बटण कॉम्प्युटरकडे आहे, म्हणून तुमच्या पट्ट्या बंद. इकडे केलं की चालू. वाजवून बघा."

"वाजलं की. मला वाटलं, माझी बोटंच गेली."

"झालं तर मग."

"पण तो कॉम्प्युटर वाजवतो ते माझंच आहे."

"तुमचं म्हणजे?"

"मुलाने माझी जुनी कॅसेट ऐकून सूर न् सूर त्यात भरलाय. मी जिथे अडखळायचो, तिथे तोही अडखळतो."

"मुलाला सांगा ना. पाच मिनिटांत तेवढं अडखळणं काढून टाकेल."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, बाबा, ते काढलं तर त्यात तुम्ही कुठे उरता? आता तुम्हीच सांगा, हे काय बोलणं झालं? मी तर तिथेच, शेजारच्या स्टुलावर बसलेला असतो."