आतड्यातले पहारेकरी

पोटाच्या डॉक्टरांकडे माझ्या मागच्या बाकावर एक निवृत्त वॉचमन आणि त्याची बायको बसली होती.

"काय म्हणाले गं डॉक्टर? मला काही कळलं नाही."

"अहो, आतड्याच्या अस्तरात पहारेकरी पेशी असतात. जंतू आला तर धरायचा, अन्न आलं तर सोडायचं, एवढंच त्यांचं काम."

"बरोबर आहे की."

"तुमच्या पेशी कुणालाच सोडत नाहीत. घरच्याच भिंतीवर काठ्या चालवतात. म्हणून आत जखमा झाल्यात."

"म्हणजे ड्यूटी कडक करतात."

"कौतुक कसलं करताय! गोळ्या देऊन त्यांना शांत करायचंय."

"वॉचमनलाच गुंगी द्यायची? मग चोर नाही का शिरणार?"

"गुंगी नाही हो, जरा हात आवरायला लावायचा. जावई पहिल्यांदा घरी आले, तर तुम्ही त्यांना दारात उभं करून वहीत सही घेतलीत. तसं नको."

"त्यानं वेळ लिहिली नव्हती."

"तेच जावई आज तुम्हाला गाडीतून घेऊन आलेत. तुमच्या धाकानं तासभर खालीच उभे आहेत. वर बोलावू?"

"बोलाव."

"खरंच?"

"हो. पण कोणाकडे जायचंय, ते विचारून घे आधी."