वाहन वापरात नाही

नाय गो, तो फॉर्म इथं नाय द्यायचा. इथं नुसता भरून मिळतो, द्यायचा समोर आरटीओच्या हापिसात, खिडकीवर. पण आता लगेच कुठं चाललीस, बस. नेट गेलंय ह्याचं. हा जितेश — दुकान ह्याचं — तासाभरामागं म्हणाला, काकी, पाच मिन्टं. पाच मिन्टं म्हणून आमचे हे एकदा नागपूरला गेलेले, नऊ दिवसांनी आले. बस. बाकडं पुसून घे जरा, मघाशी इथं एक डायवर चहा सांडून गेला. तुझं नाव काय? जनी. बरं. मी शकू, रोह्याकडची, पहिली एसटी पकडून आलेय. बाईमाणूस आणि ट्रकच्या टॅक्सच्या लायनीत, म्हणून मघापासनं सगळे कसे बघतायत बघ — जशी काय मी गाडी डोक्यावर घेऊन आलेय.

बघू कागद. 'वाहन वापरात नसल्याबाबत'. व्हय, हाच. चांगला फॉर्म हाय हा, नाय असं नाय. गाडी उभी हाय तर उभ्या गाडीचा टॅक्स कशाला भरायचा? पण आधी कळवायचं. उभी करून मग सहा महिन्यांनी रडत यायचं नाय. सरकारला आधी सांगायचं, बाबा रे, आमची गाडी आता बंद, चाकं हलणार नायत, आणि सही ठोकायची. मालकाची. सोप्पं हाय. एवढं सोप्पं, की आमच्या घरात ह्या कागदावरनं आठ महिने महाभारत झालं.

तुझ्या नवऱ्याला काय झालंय? मणका. मग बरा होईल की. आमच्यांचं डोक्यातलं होतं. म्हंजे डोकं आधीपासनं तसंच, पण मागल्या मार्गशीर्षात रक्ताची गाठ झाली आणि डावी बाजू गेली. रातचं नाय, काय नाय, चांगलं सकाळी नऊ वाजता, भाकरी खाताना. भाकरी हातातनं पडली तर मी म्हणते, मिजास बघा, आता भाकरी पण गोड लागत नाय. मग तोंडाकडं बघितलं. जाऊ दे.

आता डावी बाजू गेली म्हंजे ट्रकवाल्याचं काय गेलं, तुला माहीत हाय. क्लच गेला, गियर गेला. राहिलं काय? ब्रेक आणि हॉर्न. हैबतरावांकडं — नाव घेते, आता कसली लाज — हैबतरावांकडं आयुष्यभर तसं बी हॉर्नच जास्त होता. दहा टायरची गाडी आमची, स्वतःची, कंपन्यांचा माल ओढायचे. गावात शिरले की वेशीपासनं हॉर्न. सासू म्हणायची, आला गो तुझा बँडबाजा.

तर गाडी नेऊन लावली मागं खळ्यावर. हा जितेशच तेव्हा म्हणाला, काकी, तिमाही सुरू व्हायच्या आत अर्ज टाका, बंद दाखवा, टॅक्स लागणार नाय. शहाणा पोरगा हाय, नेट सोडलं तर. मी फॉर्म घेऊन गेले. उजवा हात चांगला होता त्यांचा, सही करता येत होती. कागद पुढ्यात धरला. वाचला त्यांनी. चष्मा लावून वाचला, दोनदा. आणि अर्ध्या तोंडानं म्हणाले — तेव्हा अर्धंच चालायचं — म्हणाले, 'मी बंद नाय.' मी म्हटलं, अहो, तुमचं नाय, गाडीचं लिवलंय. तर म्हणाले, 'एकच हाय.' आता ह्याला काय म्हणशील? सरकारनं फॉर्म काढलाय वाहनाचा, हे त्यात जाऊन बसले.

बसले म्हंजे खरोखरच बसले. नाथा म्हणून एक हाय, आमच्याकडं पंधरा वर्षं क्लीनर होता, मग डायवर झाला, दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो. त्याला रोज सकाळी बोलवायचं, त्यानं पाठीवर घ्यायचं, वर केबिनमध्ये चढवायचं, आणि गाडी चालू करायची. दहा मिन्टं. नुसती उभ्या उभ्या. बॅटरी उतरते म्हणे. मी म्हटलं, नाथाला करू दे की चालू, तुम्ही इथनं बघा. नाय. चावी ह्यांनीच फिरवायची. आणि त्यांची पद्धत हाय, क्लच दाबल्याबिगर चावी फिरवायची नाय, गियरमध्ये असली नसली तरी. मग क्लच कोण दाबणार? मी. खाली वाकून, पायाशी, दोन्ही हातांनी. लुगड्याला ग्रीस. वर हे बसलेत राजे, खाली मी. आणि वरनं हुकूम — 'सोड. हळू सोड.' लग्नाला तेहतीस वर्षं झाली, इतकं प्रेमानं कधी बोलले नव्हते.

गाव हसायचं. का नाय हसणार? सात वाजले की गाडी सुरू, सात-दहाला बंद, आणि गाडी तिथंच. शेजारची म्हणायची, आले का गो हैबतभावोजी मुंबईहून? मी पण हसायची. मी तर जास्त हसायची.

तिकडं टॅक्स चढत होता. माझी पोरगी प्रणिता, पनवेलला असते, नोकरीला — ती फोनवर रोज. आई, अर्ज टाकला का? आई, दंड लागेल. हुशार हाय, तिचं सगळं वेळेत. बाळंतपण पण तारखेला. मी सांगायची, तुझा बाप सही करत नाय. ते खरं होतं. तोवर खरं होतं.

बघू तो कागद परत. नाय, असाच. सही कुणाची ही? नवऱ्याची? जने, मला सांगू नको. ट्रकवाल्याची सही अशी नसते. ट्रकवाला सही करतो ती बॉनेटवर कागद ठेवून, अर्धी उभ्यानं, एक अक्षर आणि पुढं नुसतं वळण, घाटातल्यासारखं. तू तर पाटीवर गिरवल्यागत काढलीस. वेलांट्या बघ किती गोल. आणि वर नाव-पत्ता लिवलाय त्याच पेनानं. अगो घाबरू नको, मी काय साहेब हाय? मला कळलं ते — मला कळलं, कारण मी पण केलीय.

थांब, आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐक. जितेश बाहेर गेलाय ना तारा बघायला? गेलाय.

फागुन असेल. एक दिवस ते झोपले होते दुपारचे. मी चुलीपाशी बसून जुन्या वहीवर त्यांची सही गिरवली. चार पानं. मग फॉर्मवर केली. चांगली झाली, त्यांच्यापेक्षा बरी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरची गोळी आणायची सांगून इथं पेणला आले. त्या तिथं समोर, त्या खिडकीवर उभी राहिले. माझ्यापुढं तीन माणसं. मग दोन. आतले साहेब चांगले दिसत होते, एका म्हाताऱ्याला समजावून सांगत होते. कुणी मला अडवलं नाय, कुणी काय मागितलं नाय. आणि माझ्यापुढं एक माणूस राहिला तेव्हा मी लायनीतनं बाहेर आले. आले आणि रसवंतीत जाऊन बसले. दोन ग्लास प्यायले. गोळी न घेताच घरी गेले.

का म्हंजे? मला काय माहीत का? मीच तर सांगत होते की सही करा, करा. मीच हसत होते सगळ्यांत जास्त. पण हातात तो कागद, आणि त्यात छापलेलं — वापरात नाही. कधीपासनं, तारीख. तारखेच्या जागी मी त्यांना झटका आला तीच तारीख घातलेली, दुसरी कुठली घालणार? माझ्याच हातानं. आणि उद्या सकाळी सात वाजता परत खाली वाकून मी क्लच दाबणार, आणि वरनं ते म्हणणार, सोड, हळू सोड. नाय झालं माझ्यानं. बस एवढंच. त्यात कौतुक करण्यासारखं काय नाय, मूर्खपणा हाय नुसता.

आणि मूर्खपणावर थांबले असते तर बरं होतं. प्रणिताचा फोन आला — आई, दिला का? मी म्हटलं, कुठला देते, तुझा बाप सही करत नाय. परत तेच. आता ते खोटं होतं, सही तर झालेली. पण वाक्य तोंडात बसलेलं, निघालं. पुढच्या महिन्यात परत निघालं. मग चैत्रात ती आली घरी, दंडाचा आकडा मोबाईलवर काढून घेऊन, आणि बापासमोर उभी राहिली. काय काय बोलली. तुमच्या हट्टापायी. आईनं किती करायचं. तुम्हाला कुणाची पडलेली नाय, तुम्हाला तुमचं ते धूड पडलंय. मी तिथंच दाराशी तांदूळ निवडत होते. खडे निवडले.

आणि आमचे हैबतराव, ज्यांनी टोलनाक्यावर रुपयासाठी तासतासभर भांडणं केलेली, ते काय म्हणाले? माझ्याकडं बघितलं. प्रणिताकडं नाय, माझ्याकडं. आणि म्हणाले, 'चूक माझी. भरतो मी.' एवढंच. चार शब्द, पण धड आले.

ती रडत गेली. दोन महिने बोलली नाय बापाशी.

तो फॉर्म मी पापडाच्या डब्यात ठेवलेला, तळाला, चौघडी करून. महिन्याभरानं डबा काढला तर फॉर्म होता, पण घडी दोनच. आता डब्याला हात कोण लावणार आमच्या घरात? मी आणि ते, भिंत धरून घरात चालायला लागलेले. घडी माझी मला कळत नाय होय? मी तो विषय काढला नाय, त्यांनी काढला नाय. प्रणिताला मात्र मी सांगितलं. मागल्या आठवड्यात. फोनवर — समोर सांगायची छाती नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, तू आधी का नाय बोललीस. मी म्हटलं, बाप बोलला का तुझा? मग मी का बोलू? तरी आली रविवारी. बापाच्या पायाला तेल लावून गेली. दोघंही त्या विषयावर एक अक्षर नाय. एक खानदान.

आणि आता टॅक्स कशाला, म्हणशील. गाडी निघणार हाय. गणपती तोंडावर आलेत, हमरापूरच्या एका कारखानदाराला गाड्या हव्यात मूर्त्या पोचवायला, लांब, गुजरातपर्यंत. नाथा चालवणार. कुणी ठरवलं? ह्यांनीच. नाथाला केबिनमधनंच सांगितलं, बाजूच्या सीटवर सरकून — स्वतः सरकले — 'आजपासनं चावी तू फिरव.' मी खाली क्लचपाशी. मला आपलं उगाच वाटलं, आता मला कोण विचारणार. टॅक्स भरल्याबिगर गाडी रस्त्यावर येत नाय, म्हणून दंडासकट भरायला आले. माझ्या पाटल्या गेल्या त्यात. जाऊ दे, हाताला खाज यायची त्यांनी.

आलं? आलं नेट? बघ, आला जितेश. व्हय रे, माझंच कर आधी. नंबर तोच. ओटीपी? कुणाच्या मोबाईलवर? ह्यांच्याच नंबरवर येणार? आता आली पंचाईत. नाय रे, घरी एकटे हायत. बरं, लावते.

हॅलो. अहो, मी. मोबाईलवर मेसेज आलाय बघा, आकडे हायत. सहा. चष्मा लावा आधी. मेसेज, मेसेज — व्हय, तो. वाचा. चार. लिव रे, चार. पुढं? काय? सात का साठ? साठ असा आकडा नसतो तिथं. परत म्हणा. काय रे जितेश? संपली वेळ? मग दुसरा पाठव, त्याचे काय पैसे पडतात का तुला. अहो, ऐकताय ना? तो गेला. दुसरा येतोय. घाई नाय. तो पोरगा करतोय घाई, तुम्ही करू नका. मी हाय फोनवर.

आला? वाचा. नऊ. एक. एक. व्हय, दोनदा एक. पाच. थांबा, थुंकी गिळा. हां. शून्य. आणि शेवटचा? हळू. ...हळू.

आठ. आठ, जितेश.

झालं? पावती काढ. अहो, झालं. भरला. व्हय, पूर्ण. काय? ...'हळू ये' म्हणालात?

...

नाय. नाय रडत. इथं गाड्यांचा धूर हाय. ठेवा.

काय बघतेस गो? ऊठ, तुझी पाळी. समोर खिडकी हाय, जायचं तर जा, नाय तर नको, माझ्या रोह्याच्या गाडीची वेळ झाली, मला जाऊ दे.