टाचेखालची दोन बोटं

...दाबा, खुशाल नाक दाबा! वाऱ्याच्या दिशेला उभं राहायचं तर एवढं करावंच लागतं. तुम्हाला सांगतो, हे बूट माझे आहेत, पण वास तावीताचा आहे, आणि हे सगळं झालं कशापायी? दोन बोटं टाच... फक्त दोन बोटं!

माझे घोटे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. वेटलिफ्टिंगच्या बैठकीत खांद्यावर एकशे चाळीस किलो, टाचा जमिनीला, खाली बसायला गेलो की गुडघे पुढे सरकतच नाहीत. मग बूड मागे, छाती जमिनीकडे, सगळा भार कमरेवर. टाच जरा उचलली की गुडघा पुढे, पाठ ताठ, भार मांड्यांवर. म्हणून ऑकलंडच्या लोसाताईनं उंच टाचेचे कोरे बूट धाडले. खोकं उघडलं तर तुअला काका, आमचे प्रशिक्षक आणि घरातले थोरले, म्हणाले, "वा फिलिपो, आपल्याला बूट आले!"

आपल्याला! आता आमच्या सामोआत घरात आलेली वस्तू एकट्याची असते होय? आणि थोरल्यांना नाही म्हणणार कोण? झाले बूट आमच्या वेटलिफ्टिंग क्लबचे. अकरा जण, बावीस पाय, मोजे एकाचेही नाहीत... आणि माझ्या आधी घालणार चुलतभाऊ तावीता, जो डुकरांना खायला घालून थेट येतो. पाय आत घातला की पच्च... कोमट! बोटांच्या बेचक्यात काहीतरी सरकायचं. काय, ते मी विचारलं नाही. फळीवर टाचा ठेवून पाहिलं, तर काका म्हणतात, "बूट असताना फळी? ताईला काय वाटेल?" घातले पुन्हा. दोन बोटं टाच!

शेवटी ताईनं गुपचूप दुसरा जोड धाडला. या खेपेला मी शहाणा. कोऱ्या बुटांनिशी डुकरांच्या कोंडवाड्यात तीन चकरा, वर मासळीचं पाणी. म्हटलं, आता मागा! शनिवारी राजधानी आपिआत मोठ्या स्पर्धेसाठी निवड होती, माझ्या नि तावीताच्या वजनगटात जागा एकच. जुना जोड सकाळीच आनंदानं कचऱ्यात फेकला. नवे पाहून काका नाक धरून म्हणाले, "हे तुझे तूच ठेव बाबा." जिंकलो!

तेवढ्यात तावीता आला. वाकला. डोळे मिटून वास घेतला.

"अरे, हे तर माझे!"

घातले, खांद्यावर वजन घेऊन बसला, ताठ उठला. मी अनवाणी बसलो आणि तोंडावर आपटलो, नाक बरोबर त्याच्या पायाशी. निवड त्याची झाली. भांडू कुठल्या तोंडानं? वास खरंच त्याचा होता! जाताना म्हणाला, "फिलिपो, तू धाकटा ना, स्पर्धेपर्यंत जरा उन्हात वाळव."

...वाळवतोय.